अधिक्रमण की पिधान? खडकाळ बाह्यग्रहांच्या वातावरणाचा शोध

बाह्यग्रहांविषयी, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांविषयी, जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या खुल्या निरीक्षणांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्याला आधी ठरवावे लागते, की ग्रह ताऱ्यासमोरून जाताना (अधिक्रमण) त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासायचा, की ग्रह ताऱ्याआड गेल्यावर (पिधान) घटणाऱ्या अवरक्त प्रकाशावरून त्याच्या दिवसाच्या बाजूचे तापमान काढायचे. मी दोन्ही प्रकारचे काम केले आहे.

अधिक्रमणाचे आकर्षण मोठे आहे, कारण वर्णपटात रेणूंची ओळख पटू शकते. मला मात्र त्यात तारा सतत आड येत राहिला. लाल खुज्या, म्हणजे लहान व तुलनेने थंड ताऱ्यांवरील डाग इतके थंड असतात की त्यांत पाण्याची वाफ टिकून राहते, आणि ग्रह ज्या पट्ट्यावरून सरकतो तो उरलेल्या पृष्ठभागाहून वेगळा असला की ताऱ्याची वाफ ग्रहाची म्हणून वर्णपटात उमटते. जीजे 486 बी या ग्रहाच्या 2023 मधील वर्णपटात दिसलेली वाफ नेमकी कोणाची, हे ठरवता आले नाही. माझ्या अनुभवात तर डागांचे प्रारूप किंचित बदलले तरी ग्रहावरचे पाणी नाहीसे होई, आणि बहुतेक वेळ ग्रहाऐवजी ताऱ्याच्याच अभ्यासात जाई.

पिधानात ग्रहासह तारा आणि एकटा तारा यांची तुलना काही तासांतच होते, त्यामुळे डागांचा उपद्रव बराच कमी असतो. कार्बन डायऑक्साइड 15 मायक्रॉनजवळ प्रारण शोषतो, म्हणून त्याचे दाट वातावरण असल्यास ग्रह तेथे सहसा मंद दिसतो. ट्रॅपिस्ट-1 या लाल खुज्या ताऱ्याच्या बी या ग्रहाचे तापमान सुमारे 500 केल्विन निघाले, जे वातावरण नसलेल्या उघड्या खडकाशी जुळते. त्याच ताऱ्याच्या सी या ग्रहाचे सुमारे 380 केल्विन निघाले आणि शुक्रासारख्या दाट वातावरणाची शक्यता मावळली. एकाच तरंगपट्ट्यातील मोजमापावरून विरळ वातावरण नाकारता येत नाही, हे मान्य. तरीही आलेले उत्तर ग्रहाविषयीचे असते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. वेबचे सुमारे 500 तास अशा पिधानांसाठी राखून ठेवले गेले, यामागेही बहुधा हाच विचार असावा.

ट्रॅपिस्ट-1 ई सारखा वासयोग्य पट्ट्यातील, म्हणजे पृष्ठभागावर द्रवरूप पाणी टिकू शकेल इतक्या अंतरावरचा ग्रहच हवा असेल, तर त्याचे पिधान फार क्षीण असल्याने अधिक्रमणाकडेच वळावे लागेल. तेथे ई च्या अधिक्रमणाला लागूनच होणारे बी चे अधिक्रमण टिपून, बी वर वातावरण नाही असे धरून, ताऱ्याचा ठसा वजा करण्याची पद्धत मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. आणि बी विषयीच्या त्या गृहीतकाला आधार मिळतो तो पिधानांतूनच.