अँटी-डी इंजेक्शन (३०० मायक्रोग्रॅम): औषध चोख, घोळ होतो तो वेळेचा

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतं. पहिल्या खेपेला हे सावकाश होतं, म्हणून पहिलं बाळ सहसा सुटतं. पुढच्या खेपेला मात्र आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या लाल पेशी फोडतात. आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराच्या लक्षात राहण्याआधीच साफ होतील, ही अँटी-डीची कामगिरी.

आणि ती कामगिरी झकास आहे. काहीच न दिल्यास सुमारे १६ टक्के मातांमध्ये अँटिबॉडी तयार होतात. प्रसूतीनंतर ७२ तासांत डोस दिला तर २ टक्क्यांच्या आत. २८व्या आठवड्याचा डोस जोडला की ०.२ टक्क्यांच्या आसपास. नेमका हाच डोस ‘बाळंतपणानंतर घेऊच की’ म्हणून टाळला जातो. चूक आहे ती.

आधी आयसीटी (इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, आईच्या रक्तात अशा अँटिबॉडी आहेत का ते पाहणारी) तपासणी हवीच. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे शरीराने स्वतःच्या अँटिबॉडी बनवल्या असतील तर इंजेक्शनचा उपयोग शून्य. गर्भपात, गर्भाशयाबाहेरचा गर्भ, पोटाला मार किंवा रक्तस्राव झाल्यावरही डोस लागतो, आणि विसरला जातो तो बहुतेक वेळा इथेच. ७२ तास उलटले तरी हात झटकू नका, १० दिवसांपर्यंत दिल्यास थोडाफार फायदा मिळतो.

३०० मायक्रोग्रॅम बाळाच्या साधारण ३० मिली रक्ताला पुरतं. वार आधीच सुटली असेल किंवा रक्तस्राव मोठा असेल, तर क्लायहाउअर तपासणी (आईच्या रक्तात बाळाचं किती रक्त मिसळलं ते मोजणारी) करून डोस वाढवावा लागतो. टोचायचं दंडाच्या स्नायूत. कुल्ल्याच्या चरबीत गेलं तर नीट शोषलं जात नाही. साठवण २ ते ८ अंशांवर. गोठलेली कुपी परत करा, वापरू नका.

दुकानात दोन प्रकार मिळतात. एक मानवी प्लाझ्मापासूनचा, अमेरिकेत १९६८ पासून वापरात असलेला. दुसरा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासूनचा मोनोक्लोनल, उदाहरणार्थ भारत सीरम्सचं रोक्लोन. याला रक्तदाते लागत नाहीत. दीर्घ अनुभव पहिल्याचा जास्त, त्यामुळे दोन्ही हाताशी असतील तर आमचा कौल त्यालाच.

इंजेक्शनची तारीख आणि बॅच नंबर फाइलवर लिहून घ्या. नंतर काही आठवडे इंजेक्शनमधल्याच अँटिबॉडीमुळे आयसीटी हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तारीख ठाऊक नसलेली लॅब उगाच घाबरवते.