मुक्त विद्यापीठातून बी.एस्सी.: एका लॅब अटेंडंटचा अनुभव

नाशिकच्या एका कॉलेजात मी १९ वर्षं फिजिक्सचा लॅब अटेंडंट आहे. मुलं यायच्या आत सोडियम लॅम्प लावायचा, ती गेली की लेन्सा पुसून डबीत ठेवायच्या, आणि मधल्या वेळात "मामा, रीडिंग येत नाहीये" म्हणून हाक आली की जायचं. गेल्या वर्षी मी स्वतः बी.एस्सी. झालो, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. प्रवेश घेऊ का, असं विचारणारे हल्ली फार भेटतात. काही आमच्याच कॉलेजातले शिपाई, काही अंबडला कंपनीत शिफ्ट करणारे. प्रत्येकाला चहावर तेच सांगून कंटाळलो, म्हणून हे लिहितो.

प्रवेशाचं फार सांगण्यासारखं नाही. कला-वाणिज्यला बारावी नसली तरी पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला जाता येतं, बी.एस्सी.ला मात्र बारावी सायन्स लागते. माझी मार्कशीट सुरगाण्याला घरी पत्र्याच्या पेटीत होती. तिला वाळवी लागली होती, पण नेमका मार्कांचा भाग सोडून. फॉर्म ऑनलाइन भरला.

पुस्तकं चांगली. एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वतःला तपासायला प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. समोर मास्तर नाही हे लिहिणाऱ्याने धरलेलं असतं. माझं इंग्रजी बारावीलाच सुटलेलं, त्यामुळे पहिले सहा महिने शब्दकोश मांडीवर आणि बायको शेजारी. ती दहावी आहे, पण स्पेलिंग माझ्यापेक्षा बरं.

हे विद्यापीठ १९८९ सालचं. पहिले कुलगुरू राम ताकवले. आमच्या डिपार्टमेंटला ते नाव कुलगुरू म्हणून कमी आणि पुराणिकांबरोबर लिहिलेल्या क्लासिकल मेकॅनिक्सच्या पुस्तकामुळे जास्त माहीत. आमच्याकडची प्रत पाठीतून फाटलेली आहे, मीच दोनदा फेव्हिकॉलने चिकटवली. आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, मग इथले, पुढे दिल्लीला इग्नूचे, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे. २०२३ मध्ये गेले. जे पुस्तक उघडून आमची पोरं सुस्कारा टाकतात, ते लिहिणाऱ्या माणसाने बारावीही न झालेल्यांना दार उघडणारं विद्यापीठ उभं करावं, याचं मला अजून नवल वाटतं. एकदा कागदपत्रांसाठी गोवर्धनला गेलो होतो. आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव मागे टाकलं की धरणाच्या अलीकडे विद्यापीठ. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. आम्हा नाशिककरांना गंगा म्हटलं की गोदावरीच, आणि ती अडवली आहे ती तिथेच, हाकेच्या अंतरावर. परतीच्या बसमध्ये माझं मला हसू आलं.

कारण गंगा घरी येते, लॅबमधली तोटीची काचनळी, ब्युरेट, येत नाही. सायन्सचं घोडं अडतं ते तिथे.

प्रॅक्टिकल अभ्यासकेंद्रावर करायचं. माझं केंद्र कुठलं ते लिहीत नाही. पण तिथे वर्षाचे फिजिक्सचे प्रयोग दोन रविवारांत उरकले. न्यूटन्स रिंग्जला, म्हणजे लेन्स आणि काचेच्या मध्ये दिसणाऱ्या उजेडाच्या गोल कड्या मोजायच्या प्रयोगाला, आम्ही सात जण आणि मायक्रोस्कोप एक. आता बघा, सोडियम लॅम्प लावल्या लावल्या तांबडा असतो. आत सुरुवातीला निऑन पेटलेला असतो, सोडियमची वाफ व्हायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांनी पक्का पिवळा होतो, त्यानंतर रिंग्ज बघायच्या. तिथल्या समंत्रकांनी, म्हणजे केंद्रावर शिकवणाऱ्या सरांनी, बटण दाबलं आणि तांबड्या उजेडातच म्हणाले, "घ्या रीडिंग." मी म्हटलं, सर, थोडं थांबू या का? ते म्हणाले, "तुम्ही कधीपासून मास्तर झालात?" मी गप्प बसलो. शेवटी त्यांनी फळ्यावर रीडिंग लिहून दिली, सगळ्यांनी जर्नलमध्ये उतरवली, सगळ्यांची एररही एकच आली.

माझं काही बिघडलं नाही. मी त्या रिंग्ज हजार वेळा लावल्यात. पण माझ्या शेजारी हरसूलकडून पहाटेच्या एसटीने आलेली एक बाई होती, पाच वर्षांचा पोरगा घेऊन. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला तो एकदाच. जेवणाच्या सुट्टीत मी तिला पुन्हा लॅम्प लावून दिला. मधली काळी टिकली कशी ओळखायची, स्क्रू एकाच दिशेने फिरवत जायचा, मागे फिरवला की बॅकलॅशने, म्हणजे आट्यांतल्या ढिलाईने, रीडिंग चुकतं, असं सगळं दाखवलं. तिने अकरा रिंग्ज मोजल्या. तेवढ्यात पोराने डबा सांडला आणि ती उठली. माझ्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधली ती वीस मिनिटं खरी.

असं व्हायलाच हवं असं नाही. आमच्या एका सरांनी सांगितलं, इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली तेव्हा सायन्सवाल्यांना प्रयोगाच्या सामानाचा संच घरी पाठवायचे. त्यात मॅकआर्थर नावाच्या माणसाच्या रचनेचा, हातात मावणारा प्लॅस्टिकचा मायक्रोस्कोप असायचा. शिवाय उन्हाळ्यात आठवडाभर लॅबमध्ये राहून काम. सर हे कौतुकाने सांगत होते. माझ्या डोक्यात एवढंच आलं की परत आलेले संच धुऊन, मोजून ठेवणारा तिकडचा अटेंडंट कोण असेल.

परीक्षा नेहमीसारखीच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्पेक्ट्रोमीटरचं लेव्हलिंग, म्हणजे ते यंत्र समतल कसं करायचं, ते विचारलं. मी सांगायच्या ऐवजी करूनच दाखवलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कुठे असता?" सांगितल्यावर पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पदवी आमच्या ऑफिसात विनातक्रार चालली, लॅब असिस्टंटच्या यादीत नाव लागलंय.

मार्क द्यायचे तर पुस्तकांना पाचपैकी साडेचार, माझ्या केंद्राला दीड. तो अर्धा तिथल्या चहाचा.

प्रवेश घ्यायचा तर घ्याच. फक्त केंद्र निवडायच्या आधी एखाद्या रविवारी जाऊन लॅब बघून या. ब्युरेटची तोटी फिरते की अडकते, ते हाताने बघा. सोडियम लॅम्पवर धूळ किती आहे ते बघा. केंद्र संयोजकांना विचारलंत तर सगळं उत्तमच असतं. बाहेर स्टुलावर एखादा मामा बसलेला असेल, त्याला चहा पाजा आणि विचारा, मागच्या वर्षी प्रॅक्टिकल किती दिवस चाललं.