चकव्यावर उतारा : फिनलंडच्या जंगलफेऱ्या, अकरा महिन्यांनंतर

फेरी जरूर करा, पण एकच करून थांबू नका. एस्पो-हेलसिंकीकडच्या ज्या ओळखीच्यांनी मला विचारलं त्यांना मी हेच सांगितलं, म्हणून इथेही तेच आधी लिहिते. गेल्या एप्रिलपासून या मार्चपर्यंत मी आणि माझा नवरा जंगलात तग धरायला शिकवणाऱ्या नऊ फेऱ्यांना गेलो. सात दिवसभराच्या, दोन मुक्कामाच्या. दिवसाला माणशी ८५ युरो आणि मुक्कामाला १९०, म्हणजे वर्षाकाठी माणशी हजाराच्या घरात खर्च झाला. रक्कम लहान नाही. पहिल्याच फेरीनंतर लिहायला बसले असते तर "मजा आली, पण महाग" एवढंच लिहिलं असतं.

आम्ही दोघंही सह्याद्रीत वाढलेले. राजगड-तोरणा, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड, पावसातलं भीमाशंकर हे सगळं पायाखालचं. त्यामुळे इथल्या सपाट रानात काय शिकायचं, असं मनात होतंच. तो समज एप्रिलच्या पहिल्या दोन तासांत गेला. आपल्याकडे वाट चुकली तरी डोंगर बोलतो. धारेवर चढलं की समोर किल्ला ओळखू येतो, खाली गावाचे दिवे दिसतात, गुरं घेऊन निघालेला कुणी भेटतो. फिनलंडची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे आणि दक्षिणेकडे तरी ती बऱ्यापैकी सपाट. स्प्रूस, पाइन, बर्च, मध्ये एक दलदल, मग एक तळं, मग पुन्हा तेच. शंभर पावलं आत गेल्यावर मागे वळून पाहिलं तर आपण कुठल्या दोन झाडांमधून आलो ते सांगता येत नाही.

आमचे गाईड साठीच्या घरातले. जुन्या अर्थानं वाटाडे. रानवाटाड्यांसाठी इथे रीतसर व्यावसायिक पात्रता असते, तिला एरॅओपास म्हणतात. नाव नोंदवण्याआधी ती पात्रता आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का, हे बेधडक विचारा. कुणी राग मानत नाही. उलट नीट उत्तर मिळतं.

पहिली फेरी पूर्ण होकायंत्रावर होती. मी हौसेनं माझं पुण्याहून आणलेलं काढलं आणि नकाशावर दिशा लावून सरळ चालू लागले. एक किलोमीटरनंतर जो दगड लागायला हवा होता तो लागला नाही. कारण दिक्पात. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बघत नाही, चुंबकीय उत्तरेकडे बघते. महाराष्ट्रात या दोन उत्तर दिशांमधला फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे इतक्या वर्षांत मला तो कधी जाणवलाच नव्हता. दक्षिण फिनलंडमध्ये तो पूर्वेकडे सुमारे १० अंश आहे. १० अंशांची चूक म्हणजे एका किलोमीटरला जवळपास पावणेदोनशे मीटर बाजूला, आणि पावणेदोनशे मीटरवरचं काहीही या झाडीत दिसत नाही. नकाशावरून घेतलेल्या दिशेतून दहा वजा करायचे, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच. सुउंतो ही घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेली इथली कंपनी १९३६ साली मुळात होकायंत्रांसाठीच निघाली. तुओमास वोहलोनेन नावाच्या, नकाशा-होकायंत्र घेऊन रानात धावणाऱ्या माणसानं द्रव भरलेलं होकायंत्र तयार करण्याची पद्धत काढली. द्रवामुळे सुई थरथरत नाही, पटकन स्थिरावते. आमच्या गाईडच्या गळ्यातलं होकायंत्र त्यांच्या वडिलांचं होतं.

त्याच दिवशी पावलं मोजायला शिकलो. शेवाळाच्या जमिनीवर १०० मीटरला माझी ६८ दुहेरी पावलं होतात. तुमची वेगळी होतील, मोजून घ्या.

जूनची फेरी आगीची होती आणि आग पेटलीच नाही. जंगलातल्या वणव्याचा इशारा लागू होता. इशारा असताना उघड्यावर विस्तव करता येत नाही, जमीनमालकाची परवानगी असली तरी नाही. गटातले काही जण नाराज झाले. मला मात्र त्या दिवशी इथला कायदा पहिल्यांदा नीट कळला. योकामिएहेन-ओइकेउस म्हणजे प्रत्येकाचा रानावरचा हक्क. कुणाच्याही जंगलात चाला, एखादी रात्र तंबू टाका, बेरी आणि अळंबी वेचा, कुणी अडवणार नाही. पण विस्तव, झाडाची साल, फांदी, शेवाळ, अगदी आडवं पडलेलं झाडसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय नाही. व्हिडिओत बघून जिवंत बर्चची साल ओरबाडणारे लोक मी नूक्सिओच्या राष्ट्रीय उद्यानात स्वतः पाहिलेत. तिथे विस्तव फक्त नेमून दिलेल्या जागी करायचा आणि लाकूड तिथल्या शेडमधलं घ्यायचं. म्हणूनच आमच्या मुक्कामाच्या फेऱ्या परवानगी घेतलेल्या खासगी जंगलात झाल्या. नोंदणी करताना हेही विचारा.

आग पुढच्या फेरीत पेटली. दोन काड्या घासून ती करण्याचा प्रयोग झाला. अकरा जणांत एकाला जमलं, तेही कोरडं लाकूड आयतं मिळाल्यावर. मग गाईडनी सगळ्यांना काडेपेट्या वाटल्या आणि त्या तीन वेगवेगळ्या जागी ठेवायला सांगितल्या, एक अंगावर, एक पिशवीत, एक प्रथमोपचाराच्या डब्यात. खरा वेळ त्यांनी टेर्वास ओळखण्यावर घालवला. पाइनच्या जुन्या बुंध्यात डिंक मुरून लाकूड केशरी, जड आणि चिकट होतं, त्याला टेर्वास म्हणतात. पूक्कोनं, म्हणजे इथल्या कमरेच्या सुरीनं, त्याचे केसासारखे पातळ पापुद्रे काढले की भर पावसातही काडी लागते. पूक्को बसमधून नेताना पिशवीच्या तळाशी ठेवा. सार्वजनिक ठिकाणी कारणाशिवाय पातं बाळगणं इथे गुन्हा आहे.

ऑगस्टमध्ये बाबा आले होते, त्यांनाही बेरीच्या फेरीला नेलं. मुस्तिक्का, म्हणजे इथली रानातली निळी बेरी, खाऊन जीभ निळी-जांभळी झालेली आरशात पाहिल्यावर त्यांना जांभळांची आठवण झाली, आणि मग करवंदाच्या जाळ्यांपासून रानमेव्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मी भाषांतर करत होते, गाईड ऐकत होते. गोचीड तपासायची वेळ आली तेव्हा बाबांनी दोडामार्गच्या माकडतापाचा विषय काढला. तो योगायोग नाही. इथल्या गोचिडीतून होणारा मेंदूज्वर आणि सिंधुदुर्गातला माकडताप हे एकाच घराण्यातल्या विषाणूंचे आजार आहेत. इथल्या मेंदूज्वरावर लस आहे, ती आम्ही दोघांनी घेतली. गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम या दुसऱ्या आजारावर मात्र आपल्याला घेता येईल अशी लस नव्हती, म्हणून घरी येऊन अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघायचंच.

सप्टेंबरची अळंबीची फेरी मला सगळ्यांत मोलाची वाटली. सुप्पिलोवाहवेरो ही तपकिरी टोपीची, पिवळ्या देठाची अळंबी उशिरा शरदात स्प्रूसखालच्या शेवाळात झुंडीनं येते. एकदा नजर बसली की मूठमूठ निघते, आणि घात होतो तो या मुठीमुळेच. त्याच शेवाळात सुइप्पुम्युर्क्क्युसेइतिक्की उगवते. नावातच विष आहे, म्युर्क्क्यु म्हणजे विष. तिच्यातलं विष मूत्रपिंडं निकामी करतं आणि लक्षणं दिसायला कित्येक दिवस लागू शकतात, तोवर माणूस काय खाल्लं ते विसरूनही गेलेला असतो. गाईडनी दोन्ही शेजारी ठेवल्या. चांगलीचा देठ पोकळ, टोपीखाली देठावर उतरत गेलेल्या सुरकुत्या. विषारीचा देठ भरीव, खाली खऱ्याखुऱ्या पाकळ्या, रंग गंजासारखा. नियम एकच. प्रत्येक अळंबी एकेक करून हातात घ्यायची, उलटी करायची, मग टोपलीत टाकायची. कोर्वासिएनीचंही सांगितलं. ती वसंतातली सुरकुतलेली अळंबी बाजारात इशाऱ्याच्या पत्रकासह उघड विकली जाते. तिच्या तिप्पट पाण्यात दोनदा उकळून, प्रत्येक वेळी पाणी टाकून, धुऊन घेतली नाही तर ती जीव घेऊ शकते. आम्ही तिच्या वाटेला जात नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघंच सुप्पिलोवाहवेरो वेचायला गेलो. आकाश भरलेलं, वारा नाही. अळंबी वेचताना नजर जमिनीवर असते आणि पाय अळंबी नेतील तिकडे जातात. पाऊण तासानं मी मान वर केली तर कुठलीच बाजू ओळखीची नव्हती. साडेपाच वाजून गेले होते, अंधारायला फार वेळ उरला नव्हता. नवरा म्हणाला, "अगं, इकडूनच आलोय, चल." आणि चालायला लागला. मला खात्रीनं वाटत होतं की तो उलट दिशेला निघालाय. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं.

पहिल्या मुक्कामाच्या रात्री गाईडनी मेट्सॅनपेइत्तोबद्दल सांगितलं होतं. शब्दशः रानाचं पांघरूण. जुन्या फिनिश समजुतीनुसार रान माणसाला किंवा गुराला आपल्याखाली झाकून घेतं. मग ओळखीची जागाही अनोळखी होते, शोधणारे शेजारून गेले तरी त्यांना दिसत नाही. त्यावरचा उपाय अंगरखा उलटा करून घालायचा किंवा डाव्या पायातला जोडा उजव्यात घालायचा. मी तेव्हा त्यांना आपला चकवा सांगितला. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच झाडापाशी असतो. आमच्या आजीचा उपाय होता, गुपचूप खाली बसायचं आणि फटफटेपर्यंत उठायचं नाही. गाईड बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, दोन्ही उपाय एकच आहेत, जोडे बदलायलाही खाली बसावंच लागतं. गोल फिरण्यामागचं कारणही त्यांनी सांगितलं. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना सपाट जंगलात आणि सहारात सरळ चालायला लावून त्यांचा माग काढला. सूर्य दिसत होता तोवर लोक बरेचसे सरळ गेले. ढगाळ असताना जंगलात ते वर्तुळात फिरले, स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि त्यांना ते कळलंही नाही.

मी नवऱ्याला हाक मारून परत बोलावलं. ओंडक्यावर बसवलं. थर्मासमधला चहा ओतला, दोन दशम्या काढल्या. आणखी एक लोकरी थर अंगात घातला. दहा मिनिटं आम्ही दिशेबद्दल बोललोच नाही, ते आमचं ठरलेलंच होतं. मग रानात शिरण्याआधी काय ठरवलं होतं ते आठवलं. शिरण्याआधी चुकूनही ओलांडता येणार नाही अशी एक आडवी खूण ठरवायची, हे आम्हाला एप्रिलपासून बजावलं होतं. त्या दिवशी ती खूण म्हणजे पश्चिमेकडचा मातीचा रस्ता, ज्यावर गाडी लावली होती. २७० वजा १०. होकायंत्रावर २६० लावले. एकानं झाड नेमायचं, दुसऱ्यानं तिथपर्यंत जायचं, पावलं मोजायची. साधारण ७०० मीटरवर रस्ता लागला. गाडी तिथून डावीकडे तीनेकशे मीटर. फोनमध्ये थंडीमुळे ९ टक्के उरले होते. ११२ सुओमी हे ॲप दोघांच्या फोनमध्ये आहे, त्यातून फोन केला तर आपलं ठिकाण मदतकेंद्राला आपोआप कळतं. त्याची गरज पडली नाही. गाडीत बसल्यावर नवऱ्यानं माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

फेब्रुवारीचा मुक्काम उणे १७ मध्ये झाला. लावू, म्हणजे एका बाजूनं उघडा उतरता निवारा, आणि त्यासमोर राकोवाल्केआ. पाइनचे दोन वाळलेले ओंडके एकावर एक, मध्ये बोटभर फट, त्या फटीत आग. ती भडकत नाही, रात्रभर शांतपणे धगधगते आणि ओंडक्यांच्या पूर्ण लांबीभर ऊब देते. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते, म्हणून अंगाखाली स्प्रूसच्या डहाळ्यांचा हातभर थर आणि त्यावर चटई. सुती कपडा एकही नको. घामानं भिजला की तो ऊब काढून घेतो, लोकर ओली झाली तरी धरून ठेवते. आपल्या धनगरांच्या घोंगडीमागेही हेच ज्ञान आहे, आणि मी बाबांकडून एक घोंगडी मागवून घेतली आहे. गोठलेल्या तळ्यावर जाताना गळ्यात बर्फात रोवायच्या दोन टोच्या हव्यात. एकट्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर घट्ट बर्फ लागतो. पाण्यात पडलोच तर पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, शुद्ध हरपायला तासभर लागतो. हे आकडे पाठ केल्यावर माझी भीती कमी झाली.

तक्रारीही आहेत. इंग्रजीतल्या फेऱ्या फार कमी, आणि त्या लगेच भरतात. एकदा सहाऐवजी चौदा जणांचा गट केला. त्या दिवशी मागच्यांना काही ऐकू आलं नाही, सुरी हातात घेऊन शिकायची वेळ तर कुणालाच मिळाली नाही. मी लेखी कळवलं, पुढच्या फेरीत थोडी सूट मिळाली. भाड्याचे बूट आतून ओलसर निघाले. बूट स्वतःचेच घ्या, एक नंबर मोठे, आत दोन मोजे मावतील असे. जेवणात शाकाहारी पर्याय म्हणजे ब्रेड आणि सूप. आम्ही थालीपिठाची भाजणी नेतो, ती गटात आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे.

लहान मुलं असतील तर ऑगस्टपासून सुरुवात करा, बेरी असतात आणि डास कमी झालेले असतात. नुसते फोटो हवे असतील तर नूक्सिओतल्या खुणा केलेल्या वाटा पुरेशा आहेत, तिथे गाईडला पैसे देऊ नका. सप्टेंबर आणि फेब्रुवारी चुकवू नका. ऑक्टोबरपासून मूसची, म्हणजे इथल्या थोराड हरणाची, शिकार सुरू होते, तेव्हा अंगावर नारिंगी काहीतरी असू द्या. आम्ही पुढच्या एप्रिलची पहिली फेरी पुन्हा नोंदवली आहे, होकायंत्राचीच. या वेळी नकाशा नवऱ्याच्या हातात असेल.