ईकोचा जुना सायलेन्सर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्यांच्याकडे मारुतीची पेट्रोल ईको व्हॅन आहे त्यांनी हे वेळ काढून वाचा. ईको नसली, दुसरी कुठली पेट्रोल गाडी असली तरी वाचा. माझ्यासोबत जे झालं तेच आपल्याकडं आणखी काहीजणांसोबत झालंय हे आता बोलता बोलता कळायलंय, आणि त्यातल्या निम्म्यांना आपल्या गाडीखाली काय बसवलंय हे अजून माहीतच नाही.

माझी ईको २०१८ ची, बीएस फोर (धुराच्या नियमांचा तेव्हाचा टप्पा), केए २२ पासिंग. पहाटे एपीएमसीतून भाजी भरायची आणि चोर्ला घाटानं गोव्यात साखळी, म्हापशाला टाकायची, त्यावर घर चालतं. पावसाळा संपता संपता गाडी चढाला ओढेना झाली, सिग्नलला उभी केली की थरथरायची, डॅशवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा आणि घाटात भरलेल्या गाडीला तर तो दिवा लुकलुकायचा. त्याच वेळेला एमिशनची, म्हणजे पीयूसी सर्टिफिकेटची, मुदतही संपत आलेली. म्हणून ओळखीतल्या एकानं सांगितलेल्या शहरातल्या गॅरेजला गाडी नेली, नाव घेत नाही कारण प्रकरण चालू आहे.

तिथल्या माणसानं स्कॅनर लावला, स्क्रीन माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "अण्णा, कॅट गेलंय की ओ. आता काय पण करा, एमिशन पास होत नाही. गोव्यात धरलं तर दहा हजार बसतील." दंडाचं तो खोटं बोलत नव्हता, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या नियमात न बसणारी गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ह्याच खऱ्या गोष्टीची भीती घालून पुढचं सगळं खोटं विकलं जातं. पुढं म्हणाला, "कंपनीत गेलात तर हे परवडायचं नाही, मी साडेबारा हजारात ओरिजिनल बसवून देतो, एमिशनचं पण मीच बघतो." मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, मोठ्या खर्चाचं काही असलं की मी काढतोच. संध्याकाळी गाडी मिळाली, दिवा बंद, सर्टिफिकेट हातात. जुना सायलेन्सर कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाला, "ते काय करताय ओ घेऊन, जळलेलं आहे, भंगारात टाकलं."

ते भंगारात टाकलेलं म्हणजे नेमकं काय असतं हे आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी आहे. ज्याला आपण सगळा मिळून सायलेन्सर म्हणतो त्यात पुढच्या बाजूला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यालाच गॅरेजवाले कॅट म्हणतात. स्टीलच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम ह्या धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्या थरावरून जाताना बदलतात आणि मागून बऱ्यापैकी साफ धूर निघतो. हे धातू महाग, म्हणूनच ईकोचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या गुजरात, महाराष्ट्र, दिल्लीकडून कितीतरी वेळा आल्या, गाडी उंच आणि बोल्ट हाताला लागण्यासारखे, त्यामुळं चोराला सोपं जातं. चोर लोक आतल्या त्या चुऱ्याला 'माती' म्हणतात आणि ती माती किलोवर विकली जाते. मग ज्या गॅरेजवाल्याला ही माती ठाऊक आहे त्याला चोरी करायची गरजच काय, गिऱ्हाईक स्वतः गाडी आणून लावतंय, वर पैसे पण देतंय!

गाडी घेऊन आलो त्याच आठवड्यात आवाज बदललेला जाणवायला लागला, घुमल्यासारखा. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळं काच वर करून उभं राहिलं की पेट्रोलचा उग्र वास आत यायचा आणि घाट उतरेपर्यंत डोकं धरायचं. अॅव्हरेज पडलं. दिवा परत लागला. फोन केला तर "नवीन पार्ट आहे, सेट व्हायला टाइम लागतोय, या की, दिवा घालवून देतो." गेलो की स्कॅनरनं बिघाडाचे कोड पुसायचे, दोनचार दिवसांत दिवा परत.

शेवटी मी सर्टिफिकेट चालू असतानाच दुसऱ्या एका सेंटरवर पैसे देऊन मुद्दाम चेक करायला लावलं. त्या पोरानं प्रोब, म्हणजे धूर मोजायची नळी, मागच्या पाईपमध्ये फूटभर आत घातला, आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.९ टक्के आणि एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ४१० आलं. बीएस फोर पेट्रोल गाडीला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. म्हणजे नवीन कॅट बसवलेली गाडी मर्यादेच्या दुप्पट तिप्पट घाण धूर सोडत होती, आणि माझ्या खिशातल्या सर्टिफिकेटवर मात्र आकडे एकदम चकाचक. ते सर्टिफिकेट कसं निघालं असेल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं, गाडी गॅरेजचा पोरगा घेऊन गेला होता आणि मी तिथं नव्हतो.

तिथून गाडी उद्यमबागला एका जुन्या मिस्त्रींकडं नेली, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा आधी काही बोलले नाहीत, गाडी वर घेतली, हाताची मूठ करून डब्यावर ठोकलं, आतून पोकळ ठणठण आवाज. मग मागचा ऑक्सिजन सेन्सर बघितला तर तो पाईपवर सरळ बसलेला नव्हता, मधे बोटाएवढा लांब नट घालून वर उचललेला होता. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात, मागचा सेन्सर कॅट काम करतोय की नाही हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो, त्याला असा नट घालून धुराच्या धारेतून बाहेर ओढला की तो खोटं रिडिंग देतो आणि कॅट नसलेलं गाडीला कळतच नाही. चाचांनी सेन्सर काढला आणि त्या भोकातून एक तार आत सारली. तार पुढं जातेय, जातेय, कुठंच अडेना. मोबाइलची बॅटरी लावून मला आत बघायला सांगितलं. आतमध्ये काही म्हणजे काहीच नाही, वेल्डिंगचे गोळे चिकटलेला मोकळा पत्रा. साडेबारा हजार मी मोकळ्या पत्र्याला दिले होते, आणि माझा कंपनीचा कॅट वरून फुकट.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्याच्या पुढचं. मी तो स्कॅनरचा फोटो दाखवला. चाचा बघून म्हणाले, "बाळा, हे कॅटचं कोड नाहीच. कॅटचं पी ०४२० असतंय. हे पी ०३०३ आहे, तिसरं सिलिंडर मिसफायर." तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला, पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी भेग, डोळ्याला दिसेना पण नख फिरवलं की लागत होती. स्पार्क त्या भेगेतून गळत होता, पेट्रोल न जळताच मागं जात होतं, त्यानंच गाडी थरथरत होती आणि त्यानंच दिवा लुकलुकत होता. चार प्लगचे पैसे हजाराच्या आत. माझा जुना कॅट खरंच गेला होता का नव्हता हे आता कोणीच सांगू शकत नाही, कारण तो तपासायला शिल्लकच ठेवला नाही.

म्हणून पिवळा दिवा लागला की पहिलं काम, कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि फोटो काढा. पी ०३०० ते पी ०३०४, म्हणजे मिसफायर, असेल तर आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा. दिवा लुकलुकत असेल तर भरलेली गाडी दामटू नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि ती वीट वितळू शकते, म्हणजे हजाराच्या प्लगपायी खरंच कॅट जातो. कॅट सहसा आपोआप मरत नाही हो, मिसफायर, ऑइल जाळणारं इंजिन, कूलंट आत जाणं, नाहीतर खालून दगडाचा दणका, असं काहीतरी कारण असतं, आणि ते कारण न काढता नवा बसवला तर नवा पण जाणार.

पी ०४२० आला तरी लगेच पैसे काढू नका. सायलेन्सरला कुठं लीक आहे का बघायला सांगा. एमिशनच्या मशीनवर हाय आयडलला, म्हणजे साधारण २५०० आरपीएमला, लॅम्डा नावाचा आकडा येतो, तो हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगतो आणि ०.९७ ते १.०३ मध्ये पाहिजे. लॅम्डा त्याच्यावर गेला तर बऱ्याचदा पाईपातून बाहेरची हवा आत येत असते, गॅस्केट बदलून काम होतं. लॅम्डा बरोबर, मिसफायर नाही, आणि तरीही कार्बन मोनॉक्साइड, एचसी जास्त, तर मग कॅटवर संशय घ्यायचा. आणि टेस्टला गार गाडी नेऊ नका, कॅट अडीचशे तीनशे डिग्रीला पोचल्याशिवाय नीट काम करत नाही, हायवेला वीसेक मिनिटं चालवून गरम गाडी थेट सेंटरवर लावा, एअर फिल्टर साफ, ऑइल बदललेलं. काठावर नापास होणाऱ्या कितीतरी गाड्या एवढ्यावर पास होतात, एक रुपया कॅटवर न घालता. आणि टेस्टच्या वेळेला स्वतः उभे राहा, प्रोब पाईपात जातोय की नाही ते बघा. बीएस फोरला सर्टिफिकेट वर्षभर चालतं आणि ते गोवा, महाराष्ट्र सगळीकडं चालतं, त्यासाठी कोणाच्या सेटिंगची गरज नाही.

कॅट खरंच बदलायचा असेल तर बसवायच्या आधी दोन्ही तोंडांतून बॅटरी मारून आतली जाळी बघा, पक्कं बिल घ्या, बिलावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'सायलेन्सर काम' नको. जुना पार्ट आपल्या गाडीत टाकून घरी आणा. विकायचाच असेल तर त्याचे पैसे आपल्याला मिळाले पाहिजेत, ती मालमत्ता आपली आहे. आणि कोणी सेकंडहँड कंपनी सायलेन्सर स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, तो आपल्यासारख्याच कुठल्या तरी ईकोवाल्याच्या गाडीखालून रात्री कापलेला असू शकतो आणि चोरीचा आहे हे कळत असून माल घेणं गुन्हा आहे.

माझ्याकडं कंपनीचा घेण्याएवढे पैसे उरले नव्हते, म्हणून चाचांनी बाहेरचा नवीन, जाळी भरलेला कॅट बिलासकट सात हजारांत आणून बसवला, लांब नट काढून सेन्सर जागेवर लावला. त्याच सेंटरवर परत टेस्ट केली, कार्बन मोनॉक्साइड ०.०६, एचसी ५२. चोर्ल्याला गाडी परत पहिल्यासारखी ओढायलीय.

त्या गॅरेजला परत गेलो तेव्हा पहिलं म्हणाले आम्ही असं बसवलंच नाही, मग म्हणाले चाचांनीच काढून घेतलं असणार, मग आवाज चढवला. मी तिथं भांडत बसलो नाही. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतं. स्कॅनरचा फोटो, त्यांची पावती, दोन्ही एमिशनचे कागद, पोकळ डबा आणि तो लांब नट सगळं जपून ठेवलंय. तुमच्यापैकी कोणाच्या सेन्सरखाली असा नट निघाला तर काढून फेकू नका, गाडीला असतानाच फोटो काढा आणि मग काढलेला पार्ट तारखेसकट ठेवा, आयोगात तेच दाखवावं लागतं.