‘ओलांडा’ दाबा आणि फुलं मोजा

गंगापूर रोडला माझी छोटी नर्सरी आहे. गुलाबाच्या खुंटावर डोळे भरण्यात वीस वर्षं गेली, पण बायोलॉजी काही शिकलो नाही. लेक यंदा बारावीला. तिच्या कॉलेजने मटार, गुलबाक्षी यांच्या फुलांच्या रंगांचे संकर कॉम्प्युटरवर करून बघायचं एक सिम्युलेशन दिलंय. लॉगिन कॉलेजचं आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दोन रविवार तिच्या शेजारी बसून वापरलं, त्यावर हे लिहितोय.

आधी भाषेचं सांगतो. वर कोपऱ्यात ‘मराठी’ निवडता येतं, ते निवडू नका. क्रॉस करायच्या बटणावर चक्क ‘ओलांडा’ लिहिलंय. ‘पालक १’, ‘पालक २’ वाचून बायको म्हणाली, मटारात पालक कशाला घातलाय?

आता मुद्द्याचं. झेंडूची रोपं नेणारे दसऱ्यानंतर हमखास विचारतात, “दादा, माल झकास निघाला, हेच बी धरू का?” मी सांगायचो, एफ-वनचं, म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकराच्या पहिल्या पिढीचं, बी धरू नका, पुढच्या वर्षी सारखं येत नाही. का येत नाही, ते मलाही धड सांगता यायचं नाही. मखमलाबादकडच्या एकाने ऐकलं नाही. त्याच्या वाफ्यात उंच, बुटकी, भरीव, एकेरी अशी सगळी मिसळ झाली, आणि वर मलाच ऐकवलं की तुमची रोपंच बनावट.

सिम्युलेशनमध्ये शुद्ध जांभळा मटार आणि पांढरा मटार घेतला. पोरं सगळी जांभळी, पांढरं गायब. त्यातलीच दोन जांभळी पुन्हा एकमेकांना लावली, तर पांढरी हजर! प्रत्येक रोपाकडे रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची, एक बापाकडची. जांभळी चिठ्ठी एक असली तरी फूल जांभळं. पांढऱ्याला दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्या लागतात, म्हणून दुसऱ्या पिढीत सरासरी चारांत एकच पांढरं, म्हणजे तीनास एक. रोपावर बोट ठेवलं की चिठ्ठ्या उघडून दिसतात. मखमलाबादचा वाफा तेव्हा कुठे मला कळला.

लेकीने पहिल्यांदा वीसच रोपं काढली. अठरा जांभळी, दोन पांढरी. “पप्पा, हे बिघडलंय, पंधरा-पाच यायला पाहिजेत.” म्हटलं, हजार लाव. ७४६ आणि २५४ आली. तिच्या वहीत, मटारावरच हे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६ साली छापलेले आकडे होते: ७०५ जांभळी, २२४ पांढरी. म्हणजे नेमकं तीनास एक त्यालाही मिळालं नव्हतं. आणि त्याने ती ९२९ रोपं मातीत वाढवून मोजली होती, बटण दाबून नाही. आकडे दर वेळी हलतात, हीच या सिम्युलेशनची सगळ्यात चांगली गोष्ट. दर वेळी नेमकं पंधरा-पाच दाखवलं असतं, तर मी दुसऱ्या रविवारी बसलो नसतो.

‘ओळखा पाहू’ नावाचा खेळ आहे त्यात मीच फसलो. समोर एक जांभळं रोप, ते शुद्ध की पोटात पांढरं दडलेलं, हे पांढऱ्याशी संकर करून ओळखायचं. मी चार रोपं काढली, चारही जांभळी, लगेच ‘शुद्ध’ दाबलं. चूक. लेकीने गणित करून दाखवलं: दडलेलं असलं तरी चार रोपांत सोळातून एकदा असं फसायला होतंच. दहा रोपं काढली, तर १०२४ मधून एकदा.

गुलबाक्षीच्या भागावर मात्र नाराज आहे. लाल आणि पांढऱ्याची पहिली पिढी गुलाबी, पुढे एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं असं प्रमाण. हे ठीक. पण आमच्या कुंपणाला पिवळी आहे, एकाच फुलावर दोन रंगांचे शिंतोडे उडालेलीही आहे. त्यांचा उल्लेखच नाही. शिवाय संकर म्हणजे माउसने फूल ओढून फुलावर सोडणं, एवढंच! पुंकेसर काढायचे असतात, नाहीतर फूल आपल्याच परागाने फळतं, हे पोरांना कोण सांगणार?

मोबाइलवर उघडू नका, चौकोन इतके बारीक की बोट भलतीकडेच पडतं. मध्येच नेट गेलं की मोजलेलं सगळं पुसतं. आमचं एकदा आठशे रोपांवर गेलं. आकडे वहीत उतरवत जा. पाचातले साडेतीन देतो, मराठी सुधारली तर चार.

दरम्यान कुंपणापाशी खरा प्रयोग लावलाय. दुपारी तीनच्या आसपास, उमलायच्या आत, लाल कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, संध्याकाळी पांढऱ्याचा पराग लावायचा, वर कागदी पिशवी. गुलबाक्षीच्या एका फुलाला एकच बी, मिऱ्यासारखं काळं. अकरा फुलांची खटपट केली, सहा बिया हाती लागल्या. लेक म्हणते सहाही गुलाबी येतील. कुंपणावरच्या झाडांच्या शुद्धपणाची खात्री कोण देणार, म्हणून मी पैज लावलेली नाही. पुडीवर तारीख टाकून बिया गल्ल्यात ठेवल्यात.