विंटेज गाडीतून नाताळची रोषणाई: दसरा चौकात ताटकळत ठेवून ३७,७५८ रुपयांना फसवलं

कोल्हापूरकरांनो, 'विंटेज कारमधून नाताळची रोषणाई' अशी जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली तर एक रुपयाही भरू नका. माझे ३७,७५८ रुपये गेलेत. हे लिहायलाही लाज वाटते, घरात सगळ्यांना पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही. तरी लिहितेय, कारण ते पान बंद झालेलं नाही. फक्त नाव बदललंय, आणि त्याच फोटोंवर आता 'रंकाळा नाईट राईड'चं बुकिंग घेणं चालू आहे.

जाहिरात अशी होती. दोन तासांची फेरी, एका गाडीत चौघं, गाडीला ४,९९९ रुपये. दसरा चौकातून निघायचं, वायल्डर मेमोरियल चर्चची रोषणाई बघायची, मग ताराबाई पार्कातल्या चांदण्या आणि गव्हाणीचे देखावे, तिथून न्यू पॅलेस आणि शेवटी रंकाळ्यावर कॉफी. गाडी '१९४८ मॉडेल', लाल रंगाची, छतावर पांढरा पट्टा. फोटोत रस्त्यावर वरून दिव्यांचे पंखवाले देवदूत लटकलेले आणि खाली ही गाडी उभी. नंबर प्लेट पुसलेली होती. गाड्यांचे फोटो टाकताना बरेच जण नंबर पुसतात, त्यामुळे त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई, शाळेत शिकवते, आणि अशी कशी भुलली? तर ऐका. जुनी गाडी म्हटलं की कोल्हापुरात कोणाला संशय येत नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक चौकात येते तेव्हा सोनं लुटायच्या आधी माणसं गाडी बघायला धावतात. माझ्या आप्पांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात गॅरेजवर गेलं. बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून कुठला प्लग मारत नाही ते सांगणारा माणूस. आता गुडघ्यांनी धरलंय, घराबाहेर पडत नाहीत. त्यांना एकदा जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, एवढीच माझी इच्छा होती. भाऊ-वहिनी त्यांच्या मुलीला घेऊन पुण्याहून येणार होते. आई-आप्पा, आम्ही तिघं आणि ते तिघं, म्हणजे आठ जण, दोन गाड्या. आप्पांना अजिबात कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेच नेमकं त्या चोरांच्या पथ्यावर पडलं. ते पुढे येईलच.

शिवाय अशा सहली खोट्या नसतात. लंडनमध्ये जुन्या मिनी गाडीतून नाताळचे दिवे दाखवत फिरवतात. रीजंट स्ट्रीटवर १९५४ पासून आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ पासून नाताळची रोषणाई होते, जगभरातून लोक बघायला जातात. रोममध्येही छोट्या फियाटमधून फिरवतात. मग कोल्हापुरात कोणीतरी होतकरू पोरानं तसं सुरू केलं असेल, आपण पाठिंबा द्यावा, असं वाटणं हा काही गुन्हा नाही.

फोनवरचा माणूस अस्सल आपल्याकडचं बोलत होता. "विषयच नाय ताई, आप्पांना पुढंच बसवतो," म्हणाला. पार्किंगचं विचारलं तर "बिंदू चौकात लावा न् चालत या, दसरा चौकात आज जागा गावायची नाय," असं त्यानंच सांगितलं. इथल्या रस्त्यांची इतकी माहिती असलेला माणूस लांब कुठून बसून बोलत असेल असं कोणाला वाटेल? बोली ऐकून विश्वास ठेवू नका. ती आता कोणीही बोलतं, किंवा बोलणारा माणूस पगारावर ठेवतं.

पहिले दोन गाड्यांचे ९,९९८ रुपये. मग 'परत मिळणारी सुरक्षा ठेव' गाडीला ३,००० प्रमाणे ६,०००. मग 'विमा आणि परवाना शुल्क' २,००० अधिक जीएसटी ३६०, म्हणजे २,३६०. तिकीट आलं, त्यावर बारकोड, बिलावर जीएसटी नंबर. तो नंबर ०७ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. हे मला नंतर कळलं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की मालकाचं नाव येतं, पैसे लागत नाहीत. मी टाकला तेव्हा असा नंबरच नसल्याचं दिसलं. तुम्ही आधी टाका.

आणि आता तो क्षण. रोज रात्री डोळ्यांसमोर येतो.

पहिलं पेमेंट करताना मी क्यूआर स्कॅन केला. रक्कम टाकली. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर ज्याला पैसे जाणार त्याचं नाव येतं ना, तिथं कंपनीचं नाव नव्हतं. कोणा एका बाईचं नाव होतं, आडनाव आपल्याकडचं नाही, शेजारी 'बँकिंग नेम' म्हणून तेच नाव पुन्हा. माझा अंगठा थांबला होता. खरंच थांबला होता. मी फोन लावून विचारलं. तो पटकन म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडमचं खातं आहे ताई, चालू खात्याची केवायसी अडकलीय, नाताळच्या गर्दीत बुकिंग बंद पडायला नको म्हणून." केवायसी अडकते. माझी स्वतःची अडकली होती, पेन्शनवाल्यांच्या रांगेत उभं राहून मी ती सोडवून घेतली होती. त्यामुळे पटलं. ते नाव दिसत होतं, मोठ्या अक्षरांत दिसत होतं, आणि ज्यानं ते स्क्रीनवर दाखवायची सोय केली त्यानं नेमकी ह्याच क्षणासाठी केली होती. नाव जुळलं नाही की तिथंच मागे फिरा. कारण कितीही पटो. पटेल असंच कारण त्यांनी तयार ठेवलेलं असतं.

२४ डिसेंबरला संध्याकाळी साडेसातला आम्ही सगळे दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी. आप्पांना रिक्षातून आणलं, प्लास्टिकची खुर्ची एका टपरीवाल्याकडून मागून घेतली. थंडी होती, त्यांनी मफलर बांधला होता. "कुणाची वाट बघताय?" असं ते सारखं विचारत होते आणि पोरं हसत होती. आठ वाजले. "गाडी कावळा नाक्यावर आहे ताई, इंजिन तापलंय, पाणी घालतोय." साडेआठ. "निघाली." नऊ वाजता मेसेज आला: तांत्रिक अडचणीमुळे फेरी रद्द, सर्व रक्कम आत्ता परत मिळेल.

खरा दरोडा इथं पडला. लक्ष देऊन वाचा. त्यानं एक लिंक पाठवली. उघडल्यावर आपलं नेहमीचंच पेमेंट ॲप उघडलं. तो फोनवर घाईघाईनं बोलत होता, मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "ताई, तुमचा रिफंड कोड १९४०० आहे, तो चौकटीत टाका, मग पिन टाकला की सगळे पैसे एकदम जमा." इकडे आप्पांना बाथरूमला जायचं होतं, भाची रडत होती, भाऊ विचारत होता "काय झालं काय?", आणि मी त्या चौकटीत १९४०० टाकलं. ती चौकट रकमेची होती. १९,४०० रुपये गेले. मेसेज वाजला तेव्हा तो फोनवरच होता, आणि मग फोन कट झाला.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कधीच नाही. हे मलाही माहीत होतं, स्टाफरूममध्ये मीच इतरांना सांगितलंय. पण नऊ वाजता, भर चौकात, आठ माणसं खोळंबलेली असताना माणसाचं डोकं कसं चालतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तुम्हाला चौकात उभं करणं हा त्यांच्या योजनेचाच भाग होता. घरी बसून कोणी असा कोड टाकत नाही.

मी लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर फोन केला. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. हे तुम्ही पहिलं करा, बाकी रडणं नंतर, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. माझ्या रकमेतले १,८१२ रुपये कुठल्या तरी खात्यात अडवून ठेवलेत असं कळलंय. हातात अजून काही आलेलं नाही.

आणि त्यानंतर जे सुरू झालं त्यानं चोरांपेक्षा जास्त मनस्ताप दिला.

त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो. सगळे बंदोबस्तावर. जे होते ते म्हणाले, चौक आमच्या हद्दीत येतो का बघावं लागेल. अहो, पैसे मोबाईलमधून गेले, त्याला कसली हद्द? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी सांगितलं तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" असं विचारलं. नाही, मी वकील नाही, मी माझे पैसे गेलेली बाई आहे. दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथं म्हणाले सायबर तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर टाका. टाकलंय म्हटलं, तर म्हणाले मग आपोआप आमच्याकडे येईल. आपोआप कधी? उत्तर नाही. एकानं तर आकडा ऐकून "इथं लोकांचे पन्नास-पन्नास लाख गेलेत" असं सुनावलं. म्हणजे माझे सदतीस हजार हे पैसे नव्हेत? माझ्या आप्पांची महिन्याची औषधं किती रुपयांची येतात ते ह्यांना माहीत आहे का?

बँक २५ तारखेला बंद. २६ ला गेले तर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकला ना? मग बँकेची जबाबदारी नाही." लेखी द्या म्हटलं तर देईनात. माझा अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय मी हलले नाही. तुम्हीही हलू नका. कारण तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि तिथं ती पोचच लागते. पिन मी टाकला हे खरं, पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं उघडताना कागदपत्रं कोणी तपासली? भाड्यानं दिलेल्या खात्यांवर हा सगळा धंदा चालतो, ती खाती बँकांमध्येच असतात, आणि जबाबदार मात्र मी?

घरी आल्यावर शेवटी आप्पांना जाहिरात दाखवली. चष्मा लावला, फोन जवळ धरला, आणि दहा सेकंदांत म्हणाले, "आगं, ही मिनी हाय. ५९ सालात आली ती, ४८ ची कुठनं असंल? चाकं बघ की, दहा इंची. न् ड्रायव्हर धरून चारच मान्सं बसत्यात हिच्यात, पाच कशी बसवतोय ह्यो?" मी काहीच बोलू शकले नाही. आधी दाखवली असती तर हे सगळं तिथंच थांबलं असतं. गुपित ठेवायचं प्रेमानं ठरवलं होतं. म्हणून सांगते, भेट म्हणून काही ऑनलाइन घेताय तर घरातल्या एका तरी माणसाला आधी दाखवा.

मग भावानं फोटो गुगल लेन्सवर टाकला. लंडनच्या रीजंट स्ट्रीटचा निघाला. ते देवदूत तिथलेच.

परवान्याचंही सांगते, कारण असले धंदे आता वाढणार. २०२१ साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी चालवता येत नाही. म्हणजे विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीतून तिकीट लावून फिरवणं मुळातच नियमाबाहेर आहे. आणि पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं फिरवली तर अपघातात विम्यावाले हात वर करतील. 'विमा आणि परवाना शुल्क' मागितलं तेव्हा परवान्याची प्रत मागायला हवी होती. तुमच्याकडे कोणी मागितलं तर मागा.

आणखी एक. इन्स्टाग्रामच्या पानावर वर तीन टिंबं असतात, तिथं 'या खात्याबद्दल' दाबलं की खातं कधी उघडलं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. हे पान आधी साड्या विकत होतं. खाली कॉमेंट बंद होत्या. कॉमेंट बंद ठेवून धंदा करणाऱ्याकडून काही घेऊ नका.

त्या रात्री पुतळ्यापाशी आमच्यासारखीच आणखी दोन कुटुंबं थांबली होती. एक इचलकरंजीहून आलेलं, लहान बाळ घेऊन. त्यांचे नंबर आम्ही घेतलेत. आता कलम १७३ च्या उपकलम ४ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं एकत्र अर्ज करतोय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लावून, जे पूर्वीचं चारशे वीस. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. ज्यांनी ह्या पानावर पैसे भरलेत, मग रक्कम ४,९९९ का असेना, त्यांनी पुढं या. चॅट पुसू नका, त्याला ब्लॉक करायच्या आधी सगळे स्क्रीनशॉट काढा, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर बँकेच्या स्टेटमेंटमधून उतरवून घ्या. आमचा अर्ज सोमवारी पोस्टात टाकायचाय, त्याआधी नावं आली तर एकाच अर्जात घालू.