हायड्रोकोलॉइड, फोम, अल्जिनेट: कुठली पट्टी कुठल्या जखमेवर

ड्रेसिंग घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'केवढी जखम आहे?' पट्टीचं माप काढायला तो ठीक आहे. पट्टीचा प्रकार मात्र जखमेतून लस, म्हणजे पाझरणारं पातळ पाणी, किती येते त्यावर ठरतो. काढलेली जुनी पट्टी उलटी करून बघा. ती कोरडी ठाक आहे, मधोमध ओला डाग आहे, की कडेपर्यंत चिंब झाली आहे? निम्मी निवड तिथेच होते.

सुरुवात साध्या गॉजपासून, म्हणजे जाळीदार सुती पट्टीपासून, कारण घरोघरी तेच असतं. थेट जखमेवर लावायला ते वाईटच. लस सुकली की गॉज चिकटतं आणि काढताना नुकती धरलेली कोवळी कातडी सोबत घेऊन येतं. त्या वेळी दिसणारं रक्त बहुतेकदा पट्टीनेच काढलेलं असतं. चिकटलंच तर सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी) ओतून पाच-दहा मिनिटं थांबा, मग उचला. दुसऱ्या ड्रेसिंगच्या वरचा थर म्हणून गॉजला तोड नाही. कापूस मात्र उघड्या जखमेवर कधीच नको, त्याचे तंतू आत अडकून बसतात.

'उघडी ठेवा, वारा लागू दे' हा सल्ला अजून ऐकू येतो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांच्या वरवरच्या जखमांवर प्रयोग केला. पातळ प्लास्टिकच्या पडद्याखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धरली. पुढची सगळी आधुनिक ड्रेसिंगं याच ओलाव्याच्या हिशोबावर उभी आहेत.

त्यातलं सर्वांत कामाचं आणि सर्वांत चुकीचं वापरलं जाणारं म्हणजे हायड्रोकोलॉइड. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, बहुधा जिलेटिन आणि पेक्टिन असलेला हा चिकट थर लस शोषून जेल बनतो. थोडी ते मध्यम लस असलेली उथळ जखम, बुटाने सोललेली टाच, वरवरचा बेडसोर (सतत पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम), इथे याला पूर्ण गुण. लावण्याआधी पट्टी तळहातांत मिनिटभर धरून कोमट करा, नाहीतर कडा सुटतात. जखमेच्या चहूबाजूंनी 2 ते 3 सेंटिमीटर जास्तीची पट्टी हवी आणि आजूबाजूची कातडी पूर्ण कोरडी हवी, तेल किंवा मलम अजिबात नको. नीट बसली तर 3 ते 7 दिवस राहते. वरून फुगलेला पांढरट भाग दिसतो, तो जेलचा. हा फुगवटा कडेपासून सेंटिमीटरभर अंतरावर आला की बदला, गळेपर्यंत वाट बघू नका. काढल्यावर पिवळसर, थोडा वास येणारा चिकटा दिसतो आणि माणसं 'पू झाला' म्हणून घाबरतात. सलाईनने धुवा. वास गेला, खालची जखम लालसर स्वच्छ दिसली, तर तो जेलच होता. धुतल्यावरही दुर्गंधी राहिली, भोवतालची लाली पसरत गेली, कातडी गरम लागली किंवा ठणका वाढला, तर हे ड्रेसिंग लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. जंतुसंसर्ग झालेली जखम अशी हवाबंद झाकणं म्हणजे आगीत तेल. मधुमेह्याच्या पायाची जखमही यात परस्पर बंद करू नये.

पट्टी रोज चिंब होत असेल तर हायड्रोकोलॉइड हरतं. भोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी दिसते आणि जखम कडेने वाढते. इथे फोम, म्हणजे स्पंजासारखी मऊ पट्टी, घ्या. तो लस आत ओढून घेतो आणि ओलावा वरून उडू देतो. म्हणूनच फोमवर पारदर्शक फिल्म चिकटवू नका, हा उडण्याचा रस्ताच बंद होतो. म्हातारपणाच्या कागदासारख्या पातळ कातडीवर सिलिकॉन कडेचा फोम सरस, उचलताना साल निघत नाही.

अल्जिनेट त्याहून ओल्या जखमेसाठी. समुद्री शेवाळापासून केलेलं हे पांढरं लुसलुशीत ड्रेसिंग आपल्या वजनाच्या 15 ते 20 पट लस धरतं. त्यातलं कॅल्शियम लसीतल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि तंतूंचा जेल होतो. झिरपतं रक्त थांबवायलाही याची मदत होते. खोल जखमेत पट्टीच्या रूपात हलकं भरा, ठासू नका, आणि वर दुसरं ड्रेसिंग लावा. कोरड्या जखमेवर लावलं तर तंतू वाळून चिकटतात. तो दोष मालाचा नसतो, निवडीचा असतो.

खरचटणं आणि किरकोळ भाजणं यासाठी पॅराफिन गॉज, म्हणजे पॅराफिन माखलेली जाळी, अजून टिकून आहे, ते योग्यच. भाजल्यावर आधी 20 मिनिटं वाहतं गार पाणी, मग ही जाळी, वर शोषणारं गॉज. यातली मेख म्हणजे ती वाळते. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवली तर जाळीच्या छिद्रांतून नवं मांस वर येतं आणि काढताना डोळ्यांत पाणी.

हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी असलेला जेल, उलट काम करतं, कोरड्या खपलीला ओलावा देतं. पण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची काळी, कोरडी, घट्ट खपली याने भिजवू नका. ती कोरडीच राहू द्यायची असते आणि पुढचं डॉक्टरांनी ठरवायचं.

चांदीयुक्त ड्रेसिंग सरसकट वापरायची गोष्ट नाही. संसर्ग असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावा आणि दोन आठवड्यांनी गरज आहे का ते पुन्हा तपासा. स्वच्छ जखमेवर तो निव्वळ खर्च.

राहिली पारदर्शक फिल्म. शोषण्याची ताकद शून्य, त्यामुळे जवळजवळ कोरड्या, उथळ जखमेपुरतीच. तिची बदनामी होते ती मात्र काढताना. वर खेचून ओढली की कातडी सोलते. एक कोपरा सोडवा, दुसऱ्या हाताने शेजारची कातडी दाबून धरा आणि फिल्म कातडीला समांतर, रबरासारखी ताणत न्या. चिकटा आपोआप सुटत जातो.